चोपन्न पौंडांची चूक

गेल्या वर्षीची दिवाळी आम्ही उभयतांनी अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरात लेकीच्या घरी केली. दिवाळी केली म्हणजे काय केले, तर हिने मोटारीच्या गराजमध्ये शेगडी मांडून चकल्या तळल्या. त्या देशात घरात तळण काढले तर धुराची घंटा बोंबलते आणि तेलाचा वास महिनाभर गालिच्यात राहतो. म्हणून तिकडची मराठी मंडळी हा उद्योग गराजमध्ये उरकतात. दोन मोटारींपैकी एक बाहेर थंडीत कुडकुडत उभी, आणि तिच्या जागी आमची ही : अंगात स्वेटर, पायात मोजे, हातात सोऱ्या. मी घडीच्या खुर्चीवर बसून चकल्या मोजण्याचे जोखमीचे काम करीत होतो.

माझी एक खोड आहे. पस्तीस वर्षे पुण्यातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. तो छापखाना गेला, खिळे वितळले, जुळारी घरी बसले. पण डोळ्यांची सवय गेली नाही. जिथे अक्षर दिसेल तिथे डोळा जातो आणि चूक शोधतो. लग्नपत्रिका, औषधाची बाटली, हॉटेलातला भावफलक, काही सुटत नाही. गराजमधल्या मोटारीचे दार उघडे होते. चालकाच्या बाजूला, दार मिटले की झाकला जातो त्या खांबावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मी चष्मा पुसून ती वाचली. मोटारीत माणसे किती बसवावीत, चाकांत हवा किती असावी आणि माणसे व सामान मिळून वजन किती किलोंच्या किंवा किती पौंडांच्या वर जाऊ देऊ नये, एवढा मजकूर. ३८५ किलो, ८४९ पौंड. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि लेकीला म्हणालो, "वा! किलो आणि पौंड बरोबर जुळलेत हो."

ती चकल्यांच्या डब्यात कागद घालीत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "इतकं बारकाईनं कुणी बघत नाही, अण्णा. मीसुद्धा बघितलं नाही."

माझी ही मुलगी एका मोटारकंपनीत नोकरीला आहे. मोटारी सरकारी नियमांत बसतात की नाही हे पाहणाऱ्या खात्यात ती काम करते. आठवडाभर ती रात्री स्वयंपाकघरात दिवा लावून बसते हे मी पाहिले होते. पण मुलगी मोठी झाली की बापाने किती विचारावे यालाही मर्यादा असते. त्या संध्याकाळी तिने आपण होऊन सांगितले. कंपनीच्या एका नव्या मोटारीवर हीच चिठ्ठी लागली होती. किलो ४०० असे बरोबर छापले होते. पौंड हवे होते ८८२ आणि छापले गेले ८२८. मोटारी काही हजार विकल्या गेल्या होत्या. त्या चिठ्ठीच्या नमुन्यावर "तपासले" म्हणून सही होती ती हिची.

अंकांची अदलाबदल! मुद्रितशोधकाला ही चूक साप चावावा तशी ओळखीची असते. अक्षर चुकले तर शब्द ओरडून सांगतो. अंक चुकला तर तो शहाण्यासारखा चेहरा करून बसतो.

"मग चिकटवा की नवी चिठ्ठी!" शेगडीपाशी बसलेली ही म्हणाली. "त्यात काय एवढं?"

त्यात बरेच काही असते, असे मला पुढच्या चार दिवसांत कळले. १९६५ साली राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने अमेरिकन मोटारी किती धोक्याच्या आहेत हे दाखवणारे पुस्तक लिहिले, त्यावरून काहूर उठले, आणि १९६६ च्या सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटारींच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. पुढे १९७४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन, दोष निघाला तर कंपनीने तो स्वखर्चाने काढून द्यावा असे ठरले. मोटारीच्या प्रत्येक मालकाला टपालाने पत्र धाडायचे, मोटार बोलवायची, दुरुस्त करून द्यायची. ब्रेकचा दोष असो की चिठ्ठीवरचा आकडा असो, नियम मोडला तो मोडलाच. मात्र त्याच दुरुस्तीने एक लहानसे दारही ठेवले. चूक सुरक्षिततेच्या दृष्टीने नगण्य आहे असे कंपनीला वाटत असेल तर तिने वॉशिंग्टनच्या सुरक्षा खात्याकडे अर्ज करावा. खात्याला पटले तर पत्रे धाडणे आणि मोटारी बोलावणे माफ. इंग्रजीत त्या चुकीला 'इन्कॉन्सिक्वेन्शियल' म्हणतात. मी शब्दाच्या मागे लागणारा माणूस. किरकोळ, क्षुल्लक, नगण्य असे सगळे शब्द लावून पाहिले. शेवटी वाटले, जिच्या मागून काही येत नाही अशी चूक, हाच त्याचा खरा अर्थ. पण मागून काही येणार नाही हे आधी कुणाला कळते?

लेकीने मला अर्जाचा मसुदा वाचायला दिला. "इंग्रजी बघू नका, वकिलांनी बघितलंय. चुका बघा," ती म्हणाली. मसुद्यात म्हटले होते की छापलेला पौंडांचा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा ५४ ने कमी आहे. तो पाळणारा मनुष्य मोटारीत थोडे कमीच ओझे भरील. चाकांवर जादा भार पडण्याची भीती नाही. हवेचे आकडे आणि किलोचा आकडा बरोबर आहे. मला ते सगळे पटले. तरी एक शंका काढली, "आणि ज्या मोटारी अजून दुकानात उभ्या आहेत त्या?" तेव्हा कळले की त्यांना ही माफी नाही. विकायच्या आधी त्यांच्यावर बरोबर चिठ्ठी लागलीच पाहिजे.

म्हातारपणी झोप कमी. मी रात्री तिच्या संगणकावर जुने निकाल वाचू लागलो. हे अर्ज आणि निकाल तिथल्या सरकारी राजपत्रात छापतात. ते राजपत्र १९३६ पासून निघते आहे. अर्ज आला की तो छापायचा, कुणाही नागरिकाने त्यावर आपले म्हणणे कळवायचे, मग निकाल. त्याला महिने जातात, कधी वर्षही. नव्या कादंबरीत रमावे तसा मी त्यात रमलो, हे सांगितले तर वाचक हसतील.

टायरांचेच पाहा. टायरच्या कडेवर, आत किती थर आहेत आणि ते कशाच्या धाग्यांचे आहेत, हे उमटवण्याचा नियम आहे. साच्यात चूक होते आणि भलताच आकडा उमटतो. कंपनी म्हणते, टायर भक्कम आहे, चुकली ती अक्षरे. खाते म्हणते, खरे आहे, सामान्य गिऱ्हाईक थर मोजून टायर घेत नाही. पण तिथेच थांबत नाही. ते विचारते, हा टायर उद्या पंक्चर काढणाऱ्याकडे जाईल, त्यावर नवे रबर चढवणाऱ्याकडे जाईल, शेवटी तो मोडून तुकडे करणाऱ्याकडे जाईल. त्याच्या आत पोलादाची तार आहे हे त्या माणसाला कळले पाहिजे, नाही तर त्याला इजा होईल. पोलादाची खूण नीट असेल आणि बाकीचा आकडा चुकला असेल, तर अशा अर्जांना बहुधा माफी मिळाली आहे. मला मौज वाटली. एका टायरच्या जन्माचा कागद तपासताना त्याच्या मरणाच्या वेळी हजर असणाऱ्या मजुराची आठवण ठेवणारा कारकून त्या कचेरीत कुणीतरी असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट तिथे वारंवार आढळली. कंपन्या लिहितात, आजवर एकही तक्रार आली नाही, एकही अपघात झाला नाही. खाते त्याला फारशी किंमत देत नाही. तक्रार आली नाही म्हणजे त्रास झाला नाही असे नव्हे, उद्या होणार नाही असेही नव्हे. किती टक्के लोकांवर प्रसंग येईल हा प्रश्न नाही; ज्या एकावर येईल त्याचे काय होईल, हा प्रश्न आहे. हे वाचले आणि मी संगणक बंद केला.

कारण लेकीच्या मसुद्यातही पहिल्याच परिच्छेदात ते वाक्य होते : एकही तक्रार नाही.

सकाळी मी तिला एक जुनी हकीकत सांगितली. ती हिलाही पुरती ठाऊक नव्हती. १९७८ सालची असेल. आमच्या छापखान्यात एका खासगी प्रकाशकाची मोटारगाड्यांच्या वेळापत्रकाची पुस्तिका छापली. दोन हजार प्रती. घाटावरच्या एका गावाची शेवटची गाडी तालुक्याहून ४.५० ला सुटे. आम्ही छापले ५.४०. मुद्रित मी तपासले होते. पंधरा दिवसांनी एक गृहस्थ छापखान्यात आले. धोतर, कोट, बहुधा शाळामास्तर. हातात ती पुस्तिका, पान दुमडलेले. आईसाठी औषध आणायला ते तालुक्याला गेले होते. सव्वापाचला स्टँडवर पोहोचले. गाडी केव्हाच गेली होती. रात्रभर औषधाची बाटली मांडीवर घेऊन बाकावर बसले.

"आई कशा आहेत?" मी भीत भीत विचारले.

"बरी आहे आता," ते म्हणाले. "पण ती रात्र आम्ही दोघांनी कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक."

ते भांडले नाहीत. पैसे मागितले नाहीत. फक्त म्हणाले, "एवढं तुमच्या हातानं दुरुस्त करून द्या." मी लाल शाईने ५.४० खोडून ४.५० केले. त्यांनी पुस्तिका खिशात घातली, पाणीही न पिता गेले. मी मालकांकडे गेलो, म्हटले, शुद्धिपत्र छापू या, दुकानांतून वाटू या. मालक म्हणाले, "दोन हजारांत एक माणूस आला ना? किरकोळ आहे. चहा घ्या." आणि मी चहा घेतला.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा, माझं आणि तुमचं एकच झालं. दोन अंक फिरले. माझे बऱ्या बाजूला फिरले, तुमचे वाईट बाजूला. खरा आकडा ८२८ असता आणि ८८२ छापला असता, तरी माझी सही तशीच झाली असती. मला चुकीची नाही, ह्या नशिबाची लाज वाटते."

मी म्हटले, "एकच नाही झालं, बाळ. चूक कळल्यापासून पाच कामाच्या दिवसांत तुम्ही सरकारला लिहून कळवलंत. आता तीस दिवसांच्या आत अर्ज जाईल, तो छापला जाईल, कुणीही वाचील. आमचा निकाल मालकांच्या खोलीत, दार लावून झाला, आणि तो देणारे आम्हीच होतो."

"पण मग पत्रंच पाठवावीत असं नाही वाटत तुम्हाला?"

याचा मी विचार केला होता. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांचे प्रकरण तिनेच मला सांगितले होते. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या. पत्रे गेली, तरी कित्येकांनी मोटार नेली नाही. चिठ्ठीवरच्या ५४ पौंडांसाठीही तसलेच पत्र येऊ लागले, तर जीव घेणारा दोष सांगणारे पत्र लोक त्याच गठ्ठ्यात न फोडता टाकतील. चार पानांचे शुद्धिपत्र कोण वाचतो? त्यात काना-मात्रा आणि औषधाचे प्रमाण शेजारी शेजारी बसलेले असतात. तेव्हा माफी असावी, हे माझे मत. फक्त ज्याची चूक त्यानेच ती द्यायची नाही.

"ते तक्रारीचं वाक्य काढ," मी म्हणालो.

तिने वकिलांना विचारले. वाक्य राहिले; पहिल्या परिच्छेदातून उठून शेवटच्या परिच्छेदात जाऊन बसले. वकिलांपुढे मुद्रितशोधकाचे किती चालणार! अर्ज मुदतीत गेला. पाडव्याच्या दिवशी ती दहा तास झोपली, आणि हिने तिला उठवू दिले नाही. निकाल मात्र हे लिहीपर्यंत आलेला नाही. फोनवर मी विचारतो, ती म्हणते, "रांगेत आहे, अण्णा."

डिसेंबरात आम्ही परतलो. मुंबईच्या विमानतळावरून पुण्याला टॅक्सी केली. वाटेत चहाला थांबलो तेव्हा चालकाने दार उघडे टाकले होते. माझे पाय आपोआप तिकडे वळले. वाकून पाहतो तो खांबावर चिठ्ठी होती, पण तिच्या अर्ध्या भागावर गणपती चिकटवलेला आणि उरलेला अर्धा नखाने खरवडलेला.

"काय हरवलं का, आजोबा?" तो पोरगा चहाचा पेला घेऊन मागे उभा.

"चाकांत हवा किती भरायची ते बघतोय."

"ते काय वाचून कळतंय होय?" असे म्हणून त्याने पेला टपावर ठेवला आणि मागच्या चाकाला सणसणीत लाथ मारून दाखवली.