सामानाचे घर

आमची कुर्ल्याची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा बिल्डरने माणसांची सोय केली, म्हणजे महिन्याचे भाडे दिले. सामानाचा विचार कोणी केला नव्हता. अम्मीच्या जहेजमधले तांब्याचे देग, शिसवी कपाट, अब्बांच्या उर्दू किताबांच्या चार पेट्या. आणि भाड्याची खोली दहा बाय बाराची, तिला पोटमाळाही नाही. शेवटी भाईजानने एक सेल्फ स्टोरेज शोधून काढले. तिथे गाळा महिन्याच्या भाड्याने मिळतो. कुलूप आपले, किल्ली आपल्याकडे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे ती इमारत पाहताना माझ्या मुलांसारखेच प्रश्न मला पडत गेले. आत लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना पत्र्याची शटरे. पाच बाय पाच फुटांपासून दहा बाय दहापर्यंत गाळे. खिडक्या जवळजवळ नाहीत, कारण ऊन आणि पावसाळ्यातली ओल हे दोन्ही सामानाचे दुश्मन. इथे मोरी नको, स्वयंपाकघर नको. मात्र फरशी मजबूत हवी. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे राहत्या खोलीची फरशी दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरून बांधतात. गोदामाला किमान 750 किलो धरावे लागतात. बोळाचे भाडे येत नाही म्हणून तो अरुंद करण्याचा मोह मालकाला होतोच. पण कपाट लादलेली हातगाडी वळली पाहिजे.

अमेरिकेत असे गाळे आधी हमरस्त्याकाठी एकमजली रांगांत बांधले गेले. शहरात जागा महाग, म्हणून तिथे मजल्यावर मजले चढले किंवा जुने कारखाने घेऊन आत पत्रे ठोकले गेले. खरा धोका इथे सुरू होतो. हाँगकाँगमध्ये जून 2016 मध्ये एका जुन्या औद्योगिक इमारतीतल्या अशाच गाळ्यांना आग लागली. घरे आपल्यासारखीच लहान, म्हणून तिथे हा धंदा वाढलेला. बंद कुलपांच्या आत काय जळते आहे हे कोणालाच कळेना. एकेक गाळा फोडत पुढे जावे लागले. आग सुमारे 108 तास धुमसत राहिली आणि अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिथे अशा जागांची तपासणी सुरू झाली. बोळ किती रुंद, गाळे किती उंच, खिडक्या झाकल्यात की काय, असे प्रश्न विचारले जाऊ लागले.

म्हणून मी तिथल्या मॅनेजरला विचारले, “दुसरा जिना कुठे आहे? पाण्याचे फवारे आहेत का?”

“मॅडम, लोक भाडं विचारतात. जिना आजवर कोणी विचारला नाही,” तो हसून म्हणाला. फवारे होते. छताखाली जाळी होती, म्हणजे पाणी गाळ्यात उतरू शकेल. पण त्यासाठी सामान छताला भिडवून चालत नाही. अमेरिकेतल्या नियमात फवाऱ्याखाली 18 इंच जागा मोकळी ठेवतात. दुसरा जिनाही होता, फक्त त्याच्या दाराशी कोणाच्या तरी गाद्या रचलेल्या होत्या. मी तिथून हलले नाही. त्याने पोरे बोलावून गाद्या उचलायला लावल्या, तेव्हाच भाईजानने करारावर सही केली.

अब्बा सगळे ऐकत होते. म्हणाले, “बेटा, अमानत रखनी हो तो पहले अमीन देखते हैं। यहाँ अमीन कौन है?”

हिजरतीच्या रात्री मक्केवाल्यांच्या अमानती परत करण्यासाठी पैगंबरांनी हजरत अलींना मागे ठेवले, ही हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे करारातच लिहिलेले असते की मालाची जबाबदारी ज्याची त्याची. माणूस अमीन व्हायला तयार नाही. मग ते काम इमारतीवरच येते: तिच्या जिन्यावर, फरशीवर, बोळाच्या रुंदीवर. नकाशा काढणाऱ्याने ते ओळखले नाही, तर आपल्या हातात उरते फक्त किल्ली.

देग आणि कपाट गाळ्यात गेले. किताबांच्या पेट्या अब्बांनी जाऊ दिल्या नाहीत. त्या खोलीत पलंगाखाली आहेत आणि आम्ही पाय आखडून झोपतो. दोन-तीन महिन्यांनी मी गाळ्याकडे चक्कर मारते. कुलूप उघडण्याआधी जिन्याकडे जाऊन बघते, वाट मोकळी आहे ना.