घरातले बोलणे

पानिपतजवळच्या काला अंबला आपण कधी गेला असाल, तर लोखंडी कुंपणातला तो साधा स्मृतिस्तंभ आपल्याला आठवत असेल. 14 जानेवारी 1761 रोजी तेथे एवढे रक्त सांडले की जवळचा आंबा काळा पडला, अशी आख्यायिका आहे. गेल्या हिवाळ्यात मावशीला घेऊन मी तेथे गेले होते. परतताना तिला त्या प्रसिद्ध पत्राची हकीकत सांगितली. नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे येत असता भेलशाजवळ एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. त्यात दोन मोती गळाल्याची आणि सत्तावीस मोहरा हरवल्याची बातमी होती. रुपये-खुर्दा किती गेला याला तर मोजमापच नव्हते. ते दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ.

"शहाणा हो तो सावकार!" मावशी म्हणाली. "वाटेत कुणी पत्र फोडील, हे त्याने धरूनच ठेवले होते."

त्याच रात्री दिल्लीच्या आमच्या घरी जेवणे आटोपल्यावर मावशीने मला आपल्या आजाराविषयी सांगितले. मुलांनाही तिने ते कळू दिले नव्हते. बोलता बोलता फळीवरच्या व्हॉइस असिस्टंटचा दिवा लागला आणि विझला. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याच्या नोंदी उघडल्या, तो मावशीचे अर्धेमुर्धे वाक्य तिच्याच आवाजात ऐकू आले. मी चपापले.

हे यंत्र सदैव आपल्या नावाच्या हाकेकडे कान लावून असते. हाक आली असे त्याला वाटले, की पुढचे बोलणे बहुधा कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते. नावासारखा एखादा शब्द कानी पडला, तरी त्याची फसगत होते. ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांच्यासाठी काम करणारी माणसे असे काही मुद्रित बोलणे ऐकत असल्याचे 2019 साली उघड झाले. त्यात चुकून मुद्रित झालेले बोलणेही होते.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. यंत्र निजण्याच्या खोलीत ठेवू नये. खाजगी बोलण्यापूर्वी त्याचा मायक्रोफोन बटणाने बंद करावा, किंवा यंत्राची वायर सरळ काढून ठेवावी. जुन्या नोंदी मधूनमधून पुसाव्यात आणि पुढच्या नोंदी आपोआप पुसल्या जाण्याची सोय असल्यास ती लावावी. आवाजावरून खरेदी होत असेल, तर ती बंद करावी किंवा तिला गुप्त अंक लावावा. बँकेचे अंक त्याच्यासमोर उच्चारू नयेत. मुलांनाही हे सारे समजावून सांगावे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. परंतु आपल्या माजघरात या हक्काची राखण प्रथम आपल्यालाच करावयाची आहे. आणि घरी आलेल्या पाहुण्यालाही तो हक्क आहे.

मी ती नोंद पुसली आणि मावशीला सारे सांगितले. ती रागावली नाही. "अगं, त्याला कान आहेत हे आधी नाही का सांगायचे?" एवढेच म्हणाली.

तिचे म्हणणे खरे होते. सावकाराला धोका ठाऊक होता, म्हणून त्याने शब्द जपून लिहिले. मावशीला ती संधी मी दिलीच नव्हती.