नावाचाही बांध असतो



शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला तरी आपल्या नजरेतून सुटत नाही. पण आपल्या नावाचाही एक बांध असतो. तो कोणी कोरला तर वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. लागतो तो नेमका मृगाच्या तोंडावर, पीककर्जासाठी बँकेत गेल्यावर.

मालेगाव तालुक्यातील एका विधवा भगिनीचे असेच झाले. "बाई, तुमच्या नावावर मोटारसायकलचे कर्ज थकले आहे," असे त्यांना सांगण्यात आले. घरी साधी सायकल नव्हती! योजनेचा फॉर्म भरतो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला त्यांनी आधार व पॅनच्या झेरॉक्स दिल्या होत्या, मोबाईलवर आलेला ओटीपीही वाचून दाखवला होता. नाव मोकळे होईपर्यंत पेरणी उरकली. सोयाबीनचे बियाणे सावकाराच्या पैशातून आले. कर्ज दुसऱ्याने उचलले, व्याज मात्र बाईंनी भरले.

हे एकट्यादुकट्याचेच होते असे समजू नका. गंगाखेडच्या एका साखर कारखान्याने शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर कर्ज उचलल्याची तक्रार २०१७ साली पोलिसांत दाखल झाली. न घेतलेल्या कर्जाच्या नोटिसा घरी आल्याचे त्या शेतकऱ्यांचे म्हणणे होते.

सातबारावरचा बोजा आपण तलाठ्याकडे पाहतो. तसाच आपल्या नावावरच्या कर्जांचा उतारा असतो. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या तो ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो पूर्ण आणि फुकट द्यायचा आहे. तेव्हा त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. कंपनीच्याच संकेतस्थळावर घरच्या शिकल्या मुला-मुलीकडून काढून घ्या. आपला उतारा आपणच पाहिल्याने पत घटत नाही.

उताऱ्यात तीन गोष्टी पाहा. नाव, पत्ता, मोबाईल आपलेच आहेत ना? प्रत्येक कर्ज ओळखीचे आहे ना, फेडलेले बंद दाखवले आहे ना? आणि आपल्याबद्दल चौकशी कोणी केली? अनोळखी कंपनीची चौकशी ही धोक्याची पहिली खूण. बचत गटातील भगिनींनीही हे पाहावे. सोसायटीचे कर्ज यात नसेलही. त्याचा खातेउतारा गटसचिवांकडे मागा.

खोटी नोंद दिसली तर उताऱ्याची कंपनी आणि कर्ज देणारी संस्था, दोघांनाही लेखी कळवा. पोच घ्या. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. पोलिसांतही तक्रार द्या. मोबाईलवरून फसवून पैसे काढले असतील, तर ताबडतोब १९३० ला फोन लावा.

झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहून आडवी सही करा. अंगठा लावण्यापूर्वी कशासाठी ते विचारा. ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगू नका. विचारण्यात कसली लाज? ओळखीचा माणूस असला म्हणून बैलजोडीही आपण दात न पाहता घेत नाही.

गुढीपाडव्याला सालदाराचा हिशेब होतो. त्याच दिवशी हा उताराही काढावा. नोंद चुकीची निघालीच, तर मृगापर्यंत दोन महिने हाताशी राहतात.