शोधनिबंध आणि तोंडवलीची पुळण

शोधनिबंध हा शब्द कानीं पडतांच आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें कांचेच्या नळ्या, मोठमोठीं यंत्रें आणि दूरच्या शहरांतील प्रयोगशाळा उभ्या राहतात. किनाऱ्यावरच्या खेड्यांतील मुलांनीं त्या वाटेस जाऊं नये, अशी त्यांची समजूत होऊन बसते. ही समजूत दूर करावी, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

१९३० सालीं सलीम अली यांस नोकरी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील त्यांची जागा बंद झाली होती. ते अलिबागजवळ किहीम येथें जाऊन राहिले. तेथें सुगरण पक्ष्यांचीं घरटीं होतीं. नर घरटें अर्धें विणतो, मादी येऊन तें पारखते, पसंत पडल्यास त्यांत राहते, आणि मग तोच नर दुसरें घरटें विणूं लागतो, हें त्यांनीं दिवसामागून दिवस बसून पाहिलें व टिपून ठेविलें. १९३१ सालीं त्यांचा तो निबंध बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापून आला. किहीम आणि आपला मालवण तालुका एकाच कोंकणांत आहेत. सुगरणीचें घरटें आपणांपैकीं कोणी पाहिलें नाहीं?

आतां घरचेंच उदाहरण घेऊं. तोंडवलीच्या एका बाजूस अरबी समुद्र आहे, दुसऱ्या बाजूस गड नदीची खाडी आहे, आणि त्यांमधून वाळूची अरुंद पट्टी दक्षिणेकडे तळाशीलपर्यंत गेली आहे. समुद्र आंत येत आहे, असें तेथील वडील माणसें सांगतात. एवढें ऐकून विद्यार्थी 'समुद्र व मानवी जीवन' असा विषय घेऊन आमच्याकडे येतो. आम्ही त्यास परत पाठवितों. हा विषय एका जन्मांत पुरा व्हावयाचा नाहीं. 'तोंडवलीच्या पुळणीवर उधाणाच्या भरतीची रेघ एका वर्षांत किती मागेंपुढें सरकते?' असा प्रश्न आणल्यास आम्ही त्यास बसावयास सांगतों. जो प्रश्न मोजतां येतो आणि ज्याचें उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्धही येऊं शकतें, तोच शोधास योग्य होय.

मग योजना करावी. मोजणी कोठून करावयाची? सुरूचें झाड उन्मळून पडूं शकतें. म्हणून एखाद्या घराचें चिरेबंदी जोतें किंवा विहिरीचा कठडा ही खूण धरावी. दोरी ओली झाली कीं तिची लांबी बदलते, मोजपट्टीच घ्यावी. नदीच्या मुखाजवळची वाळू आणि गांवापुढची वाळू सारखी वागत नाहीं. म्हणून निदान तीन ठिकाणीं मोजावें. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. एकदां उधाणास व एकदां भांगास मोजलें, तर दोन आंकडे एकमेकांशीं ताडून पाहतां येत नाहींत. दर पौर्णिमेस मोजावें, हें बरें.

मोजणीचे महिनेही नीट ठरविले पाहिजेत. पावसाळ्यांतील मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रांत नेतात, आणि उघाडीच्या दिवसांतील शांत लाटा तींतील बरीच वाळू परत आणून टाकतात. जानेवारींत एकदां व जुलैंत एकदां मोजून जो निष्कर्ष काढील, तो ऋतूच्या फेऱ्यास किनाऱ्याचा नाश म्हणेल. वर्षभर मोजल्यावांचून फेरा दिसत नाहीं, आणि अनेक वर्षें मोजल्यावांचून ऱ्हास सिद्ध होत नाहीं.

नोंद जागेवरच व पेन्सिलीनें करावी. तारीख, तिथि, वेळ, वारा आणि मोजणाराचें नांव लिहावें. चुकलेला आंकडा खोडरबरानें पुसूं नये. त्यावर एक रेघ मारून शेजारीं दुसरा लिहावा. ज्या पौर्णिमेस जाणें झालें नाहीं, तेथें 'गेलों नाहीं' असेंच लिहावें. 'भरतीची रेघ जोत्याकडे इतके मीटर सरकली' हें निरीक्षण झालें. 'समुद्र गांव गिळीत आहे' हें अनुमान झालें. दोहोंस निराळीं पानें द्यावींत.

येथें खरी कसोटी लागते. ज्याचें घर किनाऱ्याला लागून आहे, असा मुलगा सहजच विचारतो, "पुळण परत भरली असें आंकडे म्हणाले आणि तें आम्हीं लिहिलें, तर धूपप्रतिबंधक बंधारा कोण बांधील?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, त्यामागें एका कुटुंबाचें छप्पर आहे. आमचें उत्तर एवढेंच कीं, जें मोजलें तें सर्व लिहावें, आणि एका वर्षावरून काय सांगतां येत नाहीं तेंही लिहावें. वांकवलेला आंकडा एकदां उघडकीस आला, म्हणजे पुढें गांवाच्या खऱ्या दुःखावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं. पांच तुकड्यांनीं पांच वर्षें प्रामाणिकपणें ठेवलेली वही मात्र कोणत्याही कचेरींत मान वर करून नेतां येते.

लिहितांना प्रथम पद्धत लिहावी, नंतर आंकड्यांचें कोष्टक, मग अनुमान, मग उणीवा. प्रस्तावना व सारांश शेवटीं लिहिले तरी चालतात. पूर्वीची माहिती पुस्तकांतून घ्यावी, तशी जाणत्या रापणकरांसही विचारावी, आणि दोघांचाही उल्लेख करावा. परक्या मुलानें निबंध वाचून त्याच जोत्यापासून तशीच मोजणी करून पाहावी, इतकी भाषा स्पष्ट असावी. १९९३ सालापासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरूं लागली, ती दहा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या अशाच कामासाठीं. तेव्हां हें मोठ्यांचें काम आहे, असें कोणीं म्हणूं नये.

पालकांस एकच विनंति आहे. निबंध आपण लिहून देऊं नये. पौर्णिमेस मुलास पुळणीवर जाऊं द्यावें, आणि मोजपट्टीचें दुसरें टोंक धरावयास आपण स्वतः बरोबर जावें.