नळीला बाण नको

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाकडे निघालेली पायवाट रानातून जाते, ओढ्यात उतरते आणि तिथेच हरवते. पुढे नुसते धोंडे. मान वर करावी तर कोकणकड्याची पश्चिमेकडे वळलेली ती काळी, आत खोबणलेली भिंत. कर्नल साइक्सने याच कड्यावरून इंद्रवज्र पाहिलं, म्हणजे गोल, पूर्ण इंद्रधनुष्य. आपल्याला जायचंय त्याच कड्याच्या माथ्यावर, शेजारच्या नळीतून. पावसाळ्यात जिथून पाणी कोसळतं, तिथूनच हिवाळ्यात माणसाने सुमारे हजार मीटर वर चढायचं.

नळीत उन्हं उशिरा पोचतात. सकाळी दगड गार असतात, आवाज घुमतो, आणि कोणाच्या पायाखालचा खडा निसटला तर सगळ्यांचे श्वास थांबतात. खाली मोठाले धोंडे, वर गेलं की घसारा, मध्येच उभा कातळटप्पा. हा सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हिशेब. थरावर थर साचले. टणक थराने पाण्याला दाद दिली नाही, तिथे टप्पा उरला; भुसभुशीत थर झिजला, तिथे गवताचा पट्टा आणि थोडी कारवी. चढताना हे पुस्तकातलं ज्ञान बोटांना कळतं: इथे खाच मिळेल, इथला दगड हातात येईल.

नळीला फाटे फुटतात. जो फाटा रुंद आणि सोपा दिसतो, तो बहुधा अशा कड्याखाली नेऊन सोडतो, की जिथून पाणी पडू शकतं पण माणूस चढू शकत नाही. अशा जागी बरोबरचा गावकरी क्षणभर उभा राहतो, दगडांकडे बघतो आणि निघतो. त्याने काय पाहिलं, हे विचारलं तर त्यालाही धड सांगता येत नाही. मला त्या क्षणभराचा हेवा वाटतो.

म्हणूनच दगडांवर ऑइलपेंटचे बाण काढणाऱ्यांचा मला राग येतो. बाणांमुळे जीव वाचतात, असं त्यांचं म्हणणं. किल्ल्याच्या मळलेल्या वाटेवर वाचतही असतील. पण नळीतला दगड जागचा थोडाच राहतो? एका पावसाळ्यात तो गडगडतो, उलटतो, आणि त्याच्यावरचा बाण भलत्याच फाट्याकडे तोंड करून बसतो. शिवाय बाण दिसला की नजर कातळावरून उठते आणि पुढचा बाण शोधू लागते. इथे तेवढंही पुरतं.

यंदाच्या पावसाने नळीत काय उलथापालथ केली, हे बेलपाड्यातल्या माणसाला ठाऊक असतं. त्याला रास्त पैसे देऊन बरोबर घ्या. डिसेंबर-जानेवारीत जा, पहाटे निघा, दोर ठेवा. रंगाचा डबा मात्र घरीच राहू द्या.