गच्चीखालचं घर

चि. मधुरास,



रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेत तू उभी राहून विचारलंस, "गळते गच्ची, मी राहते तळमजल्यावर, मग एक लाख पाच हजार मी का भरायचे?" दोघे-तिघे हसले. मी गप्प बसले. माझं घर चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. माझ्या तोंडचं उत्तर सोयीचं वाटलं असतं. पण गप्प बसल्याचं चार दिवस मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहिते. तुझी हरकत नसेल तर हे पत्र जिन्याखालच्या फळ्यावरही लावीन, कारण ते बाकीच्या चौदा घरांनीही वाचावं असं मला वाटतं.

आधी गच्चीचं. पाणी माझ्या छतापाशी थांबत नाही, बाळ. कोब्याला तडा गेला की ते स्लॅबमध्ये मुरतं, बीममधून कॉलमकडे सरकतं, डक्टच्या भिंतीवरून खाली उतरतं. आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून रेटतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. परवा इमारतीच्या ऑडिटसाठी आलेल्या इंजिनियरने हातोडीने ठोकून पाहिलं तेव्हा सगळ्यात पोकळ आवाज तुझ्या स्वयंपाकघराबाहेरच्या कॉलमचा आला. वरच्या चारही मजल्यांचं ओझं तो कॉलम पेलतोय. आणि तुझ्या नळाला येणारं पाणी गच्चीवरच्या टाकीतूनच उतरतं.

2011 साली मागच्या बाजूची ड्रेनेज लाइन तुंबायची. मैला उलटा यायचा तो फक्त तळमजल्याच्या मोऱ्यांत. आमच्याकडे वासही येत नव्हता. नवी लाइन टाकली तेव्हा सोळाही घरांनी पैसे भरले. तेव्हा तू डोंबिवलीत नव्हतीस, म्हणून सांगितलं. आपल्या उपविधींतही हेच आहे: गच्चीची दुरुस्ती, पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक नळांची गळती, हे सगळं सोसायटीने करायचं. माझ्या मोरीतून खालच्या घरात पाणी झिरपलं, तर तो मात्र आम्हा दोन घरांचा प्रश्न.

इथवर सचिवांनीही सांगितलं असतं. मला सांगायचंय ते पुढचं.

तू गेल्या वर्षी कर्ज काढून घर घेतलंस. तुझ्या आधीचे मालक तीस वर्षं राहिले, थोडका मेंटेनन्स भरला, घर विकून गेले. त्यांच्या तीस वर्षांची झीज तुझ्या अंगावर आली. ही तुझी खरी तक्रार आहे, आणि तिला उत्तर द्यायचं ते मी, कारण त्यांतली बारा वर्षं मी खजिनदार होते.

हिशेब बघ. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीला घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला किमान पाव टक्का, दरवर्षी जमा करायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे इमारत उभी राहिली तेव्हाचा, जमिनीची किंमत सोडून. आपली इमारत 1986 ची. माझ्या मोठ्या घराचा तो खर्च 1,20,000 रुपये, तुझ्या लहान घराचा 90,000. म्हणजे दोन्ही निधी मिळून माझे महिन्याला 100 रुपये, तुझे 75. सिमेंट, सळई, मजुरी सगळं कुठल्या कुठे गेलं, आणि आम्ही 1986 च्या आकड्याची टक्केवारी गोळा करत बसलो. ती किमान मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेला जास्त दर ठरवता येतो. मी तो विषय कधी मांडलाच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पेन्शनवर होत्या, त्यांना झेपणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. "आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स आळीत सगळ्यात कमी," हे वाक्य मी अभिमानाने बोलले आहे. बारा वर्षं दरमहा थोडं वाढवलं असतं तर आजींनाही ते झेपलं असतं. आज एकरकमी एक लाख कुणालाच सहज झेपत नाही.

वाटणीबद्दल माझं मत ठाम आहे. सफाई, वॉचमन, सामाईक दिवे यांचा खर्च सगळ्यांना सारखा, तो तसाच राहावा. सांगाड्याच्या दुरुस्तीची वाटणी मात्र घराच्या आकाराप्रमाणे व्हावी, कारण निधीही त्याच प्रमाणात गोळा झालाय. तुझे 1,05,000 तर माझे 1,40,000 झाले ते त्यामुळेच. समोरच्या बिऱ्हाडाने "सगळ्यांना सारखं" असा आग्रह धरला तेव्हा लहान घरवाले कुणी बोलले नाहीत. पुढच्या सभेत तू बोल. मी मोठ्या घराची असून तुझ्या बाजूने हात वर करीन.

हप्त्यांचंही बोलायला हवं. थकबाकीवर ठरावीक दरापर्यंत सरळ व्याज लावायची मुभा उपविधी देतात, पण ती कमाल मर्यादा आहे. ठरलेले हप्ते वेळेवर भरणाऱ्याला व्याज लावू नये, असा ठराव मी लिहून ठेवलाय. कंत्राटदाराची बिलं टप्प्याटप्प्याने येणार, तेव्हा घरांकडूनही टप्प्याटप्प्याने घ्यायला अडचण काय? पहिल्या टप्प्याला पैसे कमी पडू नयेत म्हणून माझी पूर्ण रक्कम मी आधीच भरतेय. आणि तीस वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असतं, ते या वेळी आपण किती उशिरा केलं हे इतिवृत्तात नोंदवलं जावं, माझ्या नावासकट.

शनिवारी सकाळी वर ये. जुनी खातेवही काढून ठेवते, माझ्या अक्षरातली बारा वर्षं तूच तपास. पुढचं खजिनदारपद तू घ्यावंस असं मला वाटतं, पण ते वही बघितल्यावर बोलू. मग गच्चीवर जाऊ. किल्ली माझ्याकडे आहे. टॉर्च आण, टाकीखाली अंधार असतो आणि तडा तिथेच आहे.

तुझी,
आत्या