रब्बी ज्वारी: पेरणीची वेळ रान सांगते

रब्बी ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिनाभरात करावी, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, करमाळा या पट्ट्यातल्या जुन्या हिशेबाने हा काळ उत्तरा नक्षत्रापासून हस्त ओलांडून चित्राच्या सुरुवातीपर्यंत येतो. महिना ऐसपैस वाटतो, पण एकेका रानाला त्यातले चारदोन दिवसच मिळतात. ते दिवस कोणते, हे पंचांगापेक्षा त्या रानातल्या ओलीवरून कळते.

खरिपाचे पीक पडत्या पावसावर वाढते, रब्बी ज्वारी पडून गेलेल्या पावसावर. सोलापूरकडे वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात होतो आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमाराला मोसमी पाऊस परत फिरतो. त्यानंतर सुमारे 120 दिवसांची मालदांडी ज्वारी जमिनीत मुरलेल्या पाण्यावरच निघायची असते. म्हणून जमिनीची खोली हा पहिला प्रश्न. फूटभर खोलीच्या मुरमाड रानात ओल लवकर संपते. दोन फुटांच्या मध्यम रानात ती पोटरीपर्यंत साथ देते. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत मात्र दाणे भरेपर्यंत मुळांना खाली पाणी सापडत राहते. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजली ती या काळ्या मातीमुळेच. तिला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

ओल असणे आणि वापसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलक्या रानात पाऊस उघडल्यावर दोनतीन दिवसांत वापसा येतो, भारी काळ्या रानाला आठवडाही लागतो. परीक्षा साधी आहे. चार बोटे खोलीवरची माती मुठीत घेऊन आवळावी. लाडू होऊन तळहाताला चिकटली तर रान अजून ओले आहे. लाडू झाला, पण कमरेच्या उंचीवरून टाकताच फुटून मोकळा झाला, तर वापसा आहे. मुठीत धरतच नसेल, तर वेळ निघून चालली. आमच्या शिवारात पेरणी करणाऱ्या एका जुन्या जाणत्याला मूठही आवळावी लागत नसे. पाभर पाचदहा पावले चालवून तो ती उचलायचा, फणावरून बोट फिरवायचा आणि सांगायचा, “आण्णा, अजून दोन दिस थांबा, फणाला माती धरतीया.” त्याचे म्हणणे खरे का ठरे, ते त्या रानात उभे राहिले की दिसे. ओल्या मातीत फणाने पाडलेला चर बाजूंनी चोपडा होतो, बियावर माती मोकळी पडत नाही आणि पुढे ऊन लागले की तोच चर तडकून कोंब उघडा पडतो.

तरीही थांबण्याला मर्यादा आहे, आणि घाईलाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते. पानाच्या खालच्या बाजूला ती पांढरी, लांबट अंडी एकेक घालते. अळी पोंग्यात शिरून वाढीचा शेंडा खाते. मधले पान वाळते. ओढले तर अलगद हातात येते आणि बुडाला कुजका वास असतो. हा पोंगेमर उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यात होतो. एकदा मर लागली की बुडातून फुटवे निघतात खरे, पण त्यांची कणसे मागे पडतात. बियाण्याला कीटकनाशकाची प्रक्रिया करून हे नुकसान कमी करता येते. लवकर पेरण्याला तेवढ्याने परवाना मिळत नाही.

उशिराचे नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवे. ज्वारी साधारण 50 ते 55 दिवसांत पोटरीत येते, 70 ते 75 दिवसांत फुलोऱ्यात आणि 90 ते 95 दिवसांत दाणे भरतात. ऑक्टोबरच्या आरंभी पेरलेले पीक डिसेंबरच्या मध्यात फुलते आणि जानेवारीच्या थंडीत दाणा भरते. तेच नोव्हेंबरात पेरले, तर कोवळेपणीच थंडीने वाढ मंदावते आणि दाणा भरायच्या वेळी वर फेब्रुवारीचे ऊन आणि खाली कोरडी जमीन. अशा रानात खडखड्या येतो: बुंधा आतून पोकळ पडतो, ताटे आडवी होतात, दाणा बारीक राहतो आणि कडब्याचाही कस जातो. ज्या घरी दोन जनावरे आहेत, तिथे कडब्याचे हे नुकसान धान्याइतकेच झोंबते.

गव्हाचा हिशेब निराळा आहे. बागायती गहू थंडीची वाट पाहतो, त्याची वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते आणि पाणी विहिरीचे असते. ज्वारीला तशी वाट पाहणे परवडत नाही.

एकाच शेतकऱ्याची सगळी रानेही एका दिवशी पेरायची नसतात. उथळ रान आधी वापशावर येते आणि आधी सुकते, म्हणून त्याचा पहिला नंबर. तिथे फुले अनुराधासारखा लवकर येणारा वाण बरा. मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1. खोल काळ्या रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, आणि त्याची पाळी शेवटी. खरिपात मूग किंवा उडीद घेतलेले रान मात्र या क्रमात नीट बसत नाही. शेंगांचे पैसे हाती येतात, पण मुगाने वरची ओल ओढलेली असते. ते रान मोकळे झाल्या झाल्या कुळवून ठेवावे, नाहीतर पुढचा पाऊस आत मुरण्याऐवजी वाहून जातो.

सर्वांत अवघड निर्णय उत्तरा बरसून गेल्यावरचा असतो. रानात पुरेशी ओल आहे, वापसा आला आहे, आणि तरी बांधावर चर्चा चालते की हस्ताचा एक पाऊस होऊ द्यावा. माझे मत ठाम आहे: सप्टेंबरचा मध्य उलटला असेल आणि ओल हातभर खोल उतरली असेल, तर पाभर जुंपावी. हस्त बरसलाच तर उगवून आलेल्या पिकाला तो लाभतो. बरसला नाही तर थांबलेल्या रानाची वरची ओल उडून गेलेली असते आणि बी कोरड्या मातीत पडते. पेरणीनंतर उगवणीआधीच जोराचा पाऊस येऊन जमीन धरण्याचा धोका आहेच, पण दुबार पेरणीला निदान ओल उरते. खोली दोन इंच, ओळींत दीड फूट अंतर, हेक्टरी 10 किलो बी, आणि काणी टाळण्यासाठी बियाण्याला गंधक चोळलेले, एवढे सांभाळले की बाकी काम कोळपे करते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात ते फिरले की भेगा बुजतात आणि ओल आत टिकून राहते.

ऑक्टोबरची वीस तारीख उलटली आणि रान अजून रिकामे असेल, तर कोरडवाहू ज्वारीचा हट्ट सोडावा. विहिरीचे एखादे पाणी देता येत असेल, तर महिनाअखेरपर्यंत ज्वारी चालते. त्यानंतर त्याच पाण्यावर हरभरा घेणे बरे.